बिलावर ‘खडा, १ नग’

माझ्या आईकडे गेली जवळजवळ चाळीस वर्षे एक अंगठी आहे. वडिलांनी ती १९८६ साली थकबाकीच्या रकमेतून घेतली होती आणि आमच्या घरात तिला ‘हिऱ्याची अंगठी’ यापलीकडे दुसरे नाव नव्हते. लग्नकार्याला निघताना आई ती कपाटातून काढत असे, परत आल्यावर मऊ कापडाने पुसून डबीत ठेवत असे; वडील गेल्यानंतर मात्र तिने ती रोज घालायला सुरुवात केली. मार्गशीर्षात माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला तेव्हा आईने ती माझ्या हातावर ठेवली आणि त्यातला हिरा नातीच्या अंगठीत बसवून घ्यावा, असे सांगितले.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीत आम्ही तिघी गेलो. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी अंगठी भिंगाखाली धरली, पेनासारख्या दिसणाऱ्या एका यंत्राचे टोक खड्याला टेकवले, पुन्हा एकदा टेकवले आणि मग आईकडे पाहून अतिशय हळुवारपणे म्हणाले, “आजी, हा हिरा नाही. हा अमेरिकन डायमंड आहे.” वडिलांनी जपून ठेवलेले जुने बिल आम्ही घरी येऊन काढले. त्यावर सोन्याचे वजन होते, मजुरी होती आणि त्याखाली एक ओळ होती: ‘खडा, १ नग’. रक्कम पाहता पैसे हिऱ्याचेच घेतले गेले होते, पण हिरा हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. ती पेढी आता अस्तित्वात नाही, आणि असती तरी त्या बिलाच्या आधारे आम्हाला काही म्हणता आले नसते.

त्यानंतरचे दोन महिने मी हिऱ्यांविषयी मिळेल ते वाचले, निरनिराळ्या पेढ्यांत जाऊन विचारले, आणि माझे मत असे झाले आहे की खरेदीला जाणाऱ्या माणसाने शुद्धता आणि रंग यांच्या इंग्रजी अक्षरांकडे वळण्याआधी समोरची वस्तू नेमकी काय आहे, हे विचारले पाहिजे आणि मिळालेले उत्तर बिलावर लिहून घेतले पाहिजे. ‘डायमंड’ या एका शब्दाखाली आज दुकानात किमान चार निरनिराळ्या वस्तू मांडलेल्या असतात. त्यांतली एकही मुळात वाईट नाही. फसवणूक होते ती एकीच्या नावावर दुसरी विकली जाते तेव्हा.

आईच्या अंगठीतला अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया. यात कार्बन नसतो. हा झिरकोनियम या धातूचा ऑक्साइड असतो आणि १९७६ च्या सुमारास तो दागिन्यांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. नवा असताना तो फार सुंदर दिसतो, किंबहुना त्यातून फुटणारे रंग हिऱ्यापेक्षाही अधिक भडक असतात. काठिण्य मोजणाऱ्या मोहस् पट्टीवर हिरा सर्वांत वर, १० वर असतो, तर हा साधारण ८ ते ८.५ वर. वर्षानुवर्षे वापरल्यावर त्याच्या पैलूंच्या कडा गुळगुळीत होतात, पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि चमक मंदावते. आईच्या खड्याच्या कडा भिंगातून चघळलेल्या खडीसाखरेसारख्या दिसत होत्या. आणखी एक खूण म्हणजे वजन. झिरकोनिया हिऱ्यापेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक जड असतो, त्यामुळे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा सुमारे एक कॅरेट भरतो, तर त्याच आकाराचा झिरकोनिया पावणेदोन कॅरेटच्या जवळपास जातो. अर्थात ही तुलना खडा सुटा असेल तेव्हाच करता येते.

दुसरी वस्तू मॉइसनाइट. हे सिलिकॉन कार्बाइड असून आंरी मॉयसाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते प्रथम १८९३ साली ॲरिझोनातील एका उल्केच्या नमुन्यात सापडले. आज बाजारात मिळणारे सर्व मॉइसनाइट प्रयोगशाळेत बनते. त्याचे काठिण्य सव्वानऊ आहे, म्हणजे रोजच्या वापरात ते चांगले टिकते. खरी अडचण निराळी आहे. दुकानातील साधे पेनसारखे यंत्र खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो एवढेच तपासते. हिरा उष्णतेचा उत्तम वाहक असतो, मॉइसनाइटही त्या परीक्षेत उत्तीर्ण होते, आणि यंत्र त्यालाही हिरा म्हणते. जाणकार माणूस दहापट भिंगातून खडा थोडा तिरका करून पाहतो. मॉइसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसतात, हिऱ्यात त्या एकेरी दिसतात. म्हणून नुसत्या यंत्राचा आवाज ऐकून कोणी समाधान मानू नये.

घरगुती परीक्षांविषयीही लिहायला हवे, कारण या काळात आम्हाला त्या अनेकांनी सुचवल्या. खड्यावर तोंडाची वाफ सोडून ती किती लवकर विरते हे पाहणे, तो पाण्यात टाकणे, काचेवर ओढणे, वर्तमानपत्राच्या अक्षरांवर ठेवणे, यांतली एकही परीक्षा विश्वासाची नाही. पाण्यात हे सगळेच खडे बुडतात आणि काचेवर झिरकोनियाही ओरखडा काढतो. सर्वांत घातक समजूत आहे ती ऐरणीची: खरा हिरा घणाखाली फुटत नाही, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. हिरा अतिशय कठीण असतो याचा अर्थ त्याला दुसऱ्या पदार्थाने ओरखडा पडत नाही, एवढाच आहे. त्याच्या स्फटिकात ठरावीक दिशांनी सहज दुभंगणारी प्रतले असतात आणि पूर्वीचे कारागीर त्याच गुणाचा उपयोग करून हिरा एका नेमक्या टोल्याने फोडत असत. अंगठी घालून दारावर किंवा ओट्याच्या कडेवर हात जोरात आपटला तर खरा हिराही टवका उडून खराब होऊ शकतो.

तिसरी वस्तू, आणि सध्या ज्याविषयी सर्वांत अधिक गोंधळ आहे ती, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, ज्याला दुकानात ‘लॅबग्रोन’ किंवा नुसते ‘सीव्हीडी’ म्हणतात. आमच्या एका वहिनींना तो ‘खोटा हिरा’ वाटत होता. माझाही आधी तसाच समज होता आणि तो चुकीचा आहे. हा हिरा कार्बनचाच असतो, त्याची स्फटिकरचना तीच असते, काठिण्य तेच असते आणि चमकही तीच असते. तो बनवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत कार्बनवर प्रचंड दाब आणि सुमारे १३०० ते १६०० अंश सेल्सियस तापमान देऊन, वितळलेल्या धातूच्या साहाय्याने हिऱ्याच्या एका छोट्या बीजावर स्फटिक वाढवला जातो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ साली अशा पद्धतीने हिरा तयार झाला. दुसऱ्या रीतीत एका निर्वात कक्षात मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडून त्यातला कार्बन बीजाच्या पातळ चकतीवर थरावर थर बसू दिला जातो. याच रीतीला सीव्हीडी म्हणतात. भूगर्भातील हिरा दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर अब्जावधी वर्षांपूर्वी तयार झालेला असतो. हा हिरा काही आठवड्यांत तयार होतो.

सूरत ज्याप्रमाणे जगभरच्या खाणींतल्या हिऱ्यांना पैलू पाडते, त्याचप्रमाणे आता हे हिरे वाढवतेही. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा याच प्रकारचा होता. त्यामुळे ही वस्तू कमीपणाची मानण्याचे काही कारण नाही. मात्र डोळ्यांनी, भिंगाने किंवा साध्या यंत्राने तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. त्यासाठी स्फटिकातील नायट्रोजनचे अंश आणि अतिनील प्रकाशात दिसणारी वाढीची नक्षी तपासणारी प्रयोगशाळेतील उपकरणे लागतात. म्हणूनच या बाबतीत कागदाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे.

किमतीचा प्रश्न इथे प्रामाणिकपणे मांडायला हवा. खाणीतल्या हिऱ्याचा पुरवठा मर्यादित असतो. प्रयोगशाळेतले हिरे मात्र यंत्रे वाढतील तसे वाढत जातात आणि त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत सतत घसरले आहेत. हिऱ्यांच्या खाणी चालवणाऱ्या डी बीअर्स या कंपनीने २०१८ साली लाइटबॉक्स नावाने असे हिरे कॅरेटला ८०० डॉलर या ठरावीक दराने विकायला काढले, तेव्हा तो दर फारच कमी वाटला होता. मे २०२५ मध्ये कंपनीने तो व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. हिरे तपासून त्यांचा अहवाल देणाऱ्या जी.आय.ए. या संस्थेने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतील हिऱ्यांना रंग आणि शुद्धतेच्या नेहमीच्या श्रेणी देणे थांबवले असून आता ती त्यांची विभागणी केवळ ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोन गटांत करते. मोठा, तेजस्वी दागिना मनापासून घालायचा असेल तर तो आनंद या हिऱ्यात कमी पैशांत मिळतो, पण अडीअडचणीला मोडता येईल या हिशेबाने तो घेऊ नये, असे मला वाटते. घेतानाच दुकानदाराला विचारावे की परत आणल्यास किंवा बदलून घेतल्यास हिऱ्याची किंमत धरणार की फक्त सोन्याची, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे. खरे तर हा प्रश्न खाणीतल्या हिऱ्याबाबतही तितकाच आवश्यक आहे, कारण मजुरी आणि ३ टक्के जीएसटी तर कोणत्याच दागिन्यावर परत मिळत नाही.

चौथी वस्तू म्हणजे खाणीतला नैसर्गिक हिरा, आणि त्याचेही रूप एकच नाही. आईकडे तिच्या आजीच्या सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत. त्या पेढीवरच्या गृहस्थांनी त्याही पाहिल्या आणि ते हिरे खरे असल्याचे सांगितले, तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदा आईच्या चेहऱ्यावर हसू आले. कुड्यांतले हिरे आजच्या हिऱ्यांसारखे लखलखत नाहीत. त्यांची खालची बाजू सपाट आहे आणि वरच्या फुगीर भागावर त्रिकोणी पैलू आहेत. ही ‘रोझ कट’ पद्धत जुनी आहे. तिचा उजेड शांत असतो, समईच्या प्रकाशात तो फार शोभतो. बंद कोंदणात मागून प्रकाश येत नसल्यामुळे असे हिरे कधी मळकट वाटतात, म्हणून ते हलके समजून मोडीत काढण्याची घाई अनेक घरांत होते आणि ती मला हळहळ लावते. आज बाजारात विकली जाणारी पोलकी म्हणजे जवळजवळ पैलू न पाडलेले, चपटे नैसर्गिक हिरे. कुंदन मात्र हिऱ्याचे नाव नाही, ती शुद्ध सोन्याच्या पातळ पत्र्याने खडा बसवण्याची कोंदणाची पद्धत आहे आणि तिच्यात काचही बसवलेली असू शकते. दुकानात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात.

आधुनिक गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरून आत गेलेला प्रकाश खालच्या पैलूंवरून परावर्तित होऊन पुन्हा वरूनच बाहेर पडावा, अशी त्याची सगळी आखणी असते आणि त्या कोनांचे गणित मार्सेल टॉलकोव्स्की याने १९१९ साली मांडले. वजन, रंग, शुद्धता आणि पैलूकाम या चार कसोट्यांपैकी पहिल्या तिन्ही मुख्यतः निसर्ग ठरवतो, चौथी माणसाच्या हाताची आहे, आणि माझ्या मते पैसे मोजण्याजोगी खरी कसोटी तीच आहे. पैलू नीट नसतील तर खाली खोल राहिलेला हिरा वजनाला अधिक भरतो पण वरून लहान आणि मधोमध काळसर दिसतो; म्हणजे न दिसणाऱ्या वजनाचे पैसे आपण देतो. जी.आय.ए.च्या अहवालात पैलूकामाची श्रेणी फक्त गोल हिऱ्यांना मिळते. बदामी, चौकोनी किंवा लंबगोल आकार घेणाऱ्याने त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांनी, तोही दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली नव्हे तर दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात, हिरा पाहावा.

रंगाची श्रेणी डी या अक्षरापासून सुरू होते आणि झेडपर्यंत उतरत जाते. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, पुढे हळूहळू पिवळसर किंवा तपकिरी झाक. शुद्धतेत दहापट भिंगातून काय दिसते ते पाहतात: अजिबात दोष नसलेल्या हिऱ्यापासून व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा पायऱ्या उतरत शेवटी नुसत्या डोळ्यांना दोष दिसणाऱ्या आय श्रेणीपर्यंत. आपल्याकडे दुकानदार बहुधा ‘ईएफ-व्हीव्हीएस’ किंवा ‘जीएच-व्हीएस’ अशा रंग आणि शुद्धतेच्या जोडनावांनी बोलतात आणि घरातली मोठी माणसे व्हीव्हीएसचा आग्रह धरतात. पिवळ्या सोन्यात बसवायच्या हिऱ्यासाठी डी किंवा ई रंगाचा हट्ट मला अनावश्यक वाटतो, कारण सोन्याचीच छटा त्यात उतरते. नाकातल्या चमकीसाठी तर चार सेंटच्या, म्हणजे ०.०४ कॅरेटच्या, हिरकणीत व्हीव्हीएस आणि एसआय यांतला फरक कोणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. तोच पैसा पैलूकामावर किंवा भक्कम कोंदणावर खर्च करावा.

वजनाबाबत दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, आणि हिऱ्याचे दागिने बहुतेक वेळा १८ कॅरेटच्या, म्हणजे ७५ टक्के शुद्ध सोन्यात घडवतात, कारण २२ कॅरेटचे सोने हिरा घट्ट धरायला मऊ पडते. पाच कॅरेट हिरे म्हणजे एक ग्रॅम, हे लक्षात ठेवले तर दागिन्याच्या एकूण वजनातून हिऱ्यांचे वजन वजा करून मगच सोन्याचा भाव लावला आहे का, हे बिलावर सहज तपासता येते. दुसरी गोष्ट अशी की अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा पूर्ण आकड्यांपाशी प्रतिकॅरेट दर उडी घेतो. आम्ही म्हणूनच ५० सेंटऐवजी ४७ सेंटचा हिरा पाहिला. व्यासातला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होता, किमतीतला फरक बराच होता.

नैसर्गिक हिऱ्यावरही संस्कार केलेले असू शकतात. काहींच्या भेगांत काचेसारखा पदार्थ भरून त्या लपवतात, काहींतले काळे ठिपके लेझरने छिद्र पाडून घालवतात. भेगा भरलेला हिरा अंगठी लहानमोठी करताना लागणाऱ्या ज्योतीच्या उष्णतेने बिघडू शकतो, म्हणून ‘यावर काही प्रक्रिया केली आहे का’ हा प्रश्नही विचारावा.

सोन्यावरचा हॉलमार्क हिऱ्याची हमी देतो, असा समज मला अनेक सुशिक्षित घरांत आढळला. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झालेला सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी हा दागिन्याचा ओळखक्रमांक या तिन्ही खुणा फक्त धातूविषयी बोलतात. हिऱ्यासाठी जी.आय.ए., आय.जी.आय. यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईतही आहेत. अहवालाचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तपशील जुळवून पाहता येतो आणि पुष्कळदा तोच क्रमांक हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने इतका बारीक कोरलेला असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. दागिन्यात बसवलेल्या अनेक बारीक हिऱ्यांसोबत मिळणारे छोटे कार्ड मात्र याहून कमी सांगते. कोंदणात बसलेल्या हिऱ्याचे वजन आणि रंग अंदाजानेच ठरवावे लागतात, त्यामुळे मुख्य हिरा मोठा असेल तर तो सुटा असतानाच झालेला अहवाल मागावा.

मुलीने शेवटी ४७ सेंटचा, जी रंगाचा, व्हीएस२ शुद्धतेचा गोल नैसर्गिक हिरा निवडला, आणि रिसेप्शनला घालायची कानातली मात्र तिने विचारपूर्वक लॅबग्रोन घेतली. आईच्या कुड्यांना आम्ही हात लावला नाही. त्या कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून मऊ ब्रशने स्वच्छ करता येतात का, हे विचारल्यावर पेढीवरच्या गृहस्थांनी बंद कोंदणात पाणी शिरता कामा नये, म्हणून त्या केवळ कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात असे बजावले. साबणपाण्याची रीत उघड्या कोंदणातल्या दागिन्यांसाठी आहे, आणि तेल व हातावरची मलमे हिऱ्याला लगेच चिकटत असल्यामुळे त्यांना ती अधूनमधून लागतेच.

पैसे देण्याची वेळ आली तेव्हा यंत्रातून छापील बिल निघाले. आईने चष्मा लावून ते ओळीने वाचले. सोन्याचे वजन, मजुरी, कर हे सगळे ठीक होते. हिऱ्याच्या ओळीत ‘डायमंड, १ नग’ एवढेच होते. तिने बिल परत सरकवले आणि म्हणाली, “यावर नैसर्गिक असे लिहा, वजन लिहा आणि त्या अहवालाचा क्रमांकही लिहा. कानातल्यांच्या ओळीत लॅबग्रोन लिहा.” काउंटरवरच्या मुलाने नवे बिल छापले. ते घेताना तिने स्वतःची अंगठी पुन्हा बोटात घातली. त्यातला खडा बदलून घेऊ का, असे मी तिला विचारले होते. वडिलांनी दिलेला आहे तसाच राहू दे, असे ती म्हणाली.